सातवा कट की आठवा

गामदोकनिम,

तुम्ही गेल्यापासून तुमच्यावर जे छापून आलंय त्यातलं निम्मं चूक आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं जरा शांतपणे लिहिता येईल. एका मोठ्या वर्तमानपत्राने लिहिलं की मधली अकरा वर्षं तुम्हाला काही सुचत नव्हतं. दुसऱ्याने लिहिलं की ते तुमचं 'पौर्वात्य मौन' होतं. पौर्वात्य मौन! दह्याच्या डब्याचं झाकण कुठल्या कचऱ्यात टाकायचं यावर ज्या माणसाने माझ्याशी जिन्यात पाऊण तास वाद घातला, त्याचं म्हणे मौन.

त्या दोघांना मी जर्मनमध्ये सणसणीत पत्र लिहायला बसले होते. चौथ्या ओळीलाच त्याचं पत्रक झालं. मला पत्रकंच लिहिता येतात, तुम्हाला माहीत आहे. म्हणून हे मराठीत लिहितेय, आमच्या म्युनिकच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी. तुम्हाला मराठी कळत नव्हतं आणि मंडळातल्या बहुतेकांना तुम्ही माहीत नाही. म्हणजे दोन्हीकडून सुरुवातीपासून सांगायला हवं.

'गामदोकनिम' म्हणजे कोरियन भाषेत 'दिग्दर्शक साहेब'. तुमचे कोरियन विद्यार्थी तुम्हाला तसंच म्हणायचे. आपण दोघं जर्मन बोलायचो आणि तुमच्याच हट्टाने एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणायचो. मराठीत मात्र सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ वळत नाही. तेव्हा गामदोकनिम, आणि तुम्ही.

मी भाडेकरूंच्या एका संघटनेत काम करते. म्युनिकमध्ये घर मिळणं अवघड आणि मिळालेलं टिकवणं त्याहून अवघड. नोटीस आली की आम्ही जातो, लोकांना एकत्र बसवतो, पत्रकं वाटतो. अडीच वर्षांपूर्वी गीजिंग भागातल्या तुमच्या इमारतीचे फ्लॅट एकेक करून विकले जायला लागले, तेव्हा मी तळमजल्यावरच्या सगळ्या पत्रपेट्यांत पत्रक टाकून आले. आठवड्याने ऑफिसात पाकीट आलं. आत माझंच पत्रक. अकरा उद्गारचिन्हांना पेन्सिलने गोल केलेलं आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी. 'हे कोण बोलतंय? तिसऱ्या मजल्यावर राहतो, चहा आहे.'

मी तणतणतच वर आले होते. तुम्ही बार्लीचा चहा ओतला, दोन्ही हातांनी कप पुढे केलात आणि विचारलंत, "या इमारतीतल्या कोणाला तू भेटली आहेस?"

"सगळ्यांनाच भेटणार आहे."

"मग भेटल्यावर लिही."

त्यावर मी तुम्हाला व्याख्यान दिलं. लोकांना जागं करायचं तर धक्का द्यावा लागतो, शब्दांपेक्षा चित्राने काम होतं, आणि तुम्ही जरा सिनेमे बघत जा, सामाजिक सिनेमे, म्हणजे कळेल. तुम्ही मान डोलावलीत. कुठले बघू, तेही विचारलंत. मी तीन नावं सांगितली. तुम्ही ती लिहून घेतलीत! मला वाटलं, रिटायर्ड कोरियन इंजिनियर असेल कोणीतरी.

माझी अब्रू काढली ती सुधाकाकूंनी. सुधाकाकू तुमच्या खालच्या मजल्यावर राहतात. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी सांगलीहून आल्या, इथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी केली, हेल्मुट नावाच्या जर्मन माणसाशी लग्न केलं आणि तो गेल्यावरही त्याच घरात राहिल्या. त्यांनाही नोटीस आली होती, म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते.

"अगं, वरच्यांना तू सिनेमे बघायला सांगितलंस?"

"हो. का?"

"त्यांच्यावर पुस्तकं आहेत, बाई! जर्मनमध्ये! जगभरची बक्षिसं आहेत. आणि तू त्यांना काय सांगितलंस, बघत जा म्हणून?"

"त्यांनी तक्रार केली?"

"आल्झो, तक्रार कसली. जिन्यात बसून हसत होते. मला वाटलं पाय घसरला की काय."

मग मी तुमचे सगळे सिनेमे बघितले. पहिला, बसमधल्या बाई कंडक्टरचा. तो तुमच्या देशाच्या सेन्सॉरने असा कापला होता की नायिका एका प्रसंगात संपावर जाते आणि पुढच्याच प्रसंगात तिकिटं फाडत असते, मध्ये काय झालं ते प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. दुसरा मला आवडला नाही. तुम्हालाही आवडत नव्हता, तेव्हा त्याबद्दल वाद नाही. तिसरा शिवणकामाच्या कारखान्याचा. तो बघून मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही. त्यात एक खरीखुरी कामगार बाई तिच्या जेवणाच्या सुट्टीत गार झालेल्या शेवया खाताखाता बोलते आणि मध्येच खाणं थांबवते. बस, एवढंच. युरोपातल्या मोठ्या महोत्सवात बक्षीस मिळालं ते त्या प्रसंगाला मिळालं, असं सगळेच म्हणतात.

त्याच्यानंतर अकरा वर्षं काही नाही.

का, ते तुम्ही शिकवायचात त्या फिल्म स्कूलमध्ये पंचवीसेक विद्यार्थ्यांसमोर सांगितलं होतंत, मी मागच्या बाकावर होते. म्हणजे मी काही गुपित फोडत नाहीये. वर्तमानपत्रांनी विचारलं असतं तर त्यांनाही समजलं असतं. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईने तुम्हाला सांगितलं होतं, 'मी काल बोलले ते काढून टाका.' तुम्ही हो म्हणालात आणि काढलं नाहीत. मग बक्षीस, मग पोस्टर, आणि पोस्टरवर तिचाच चेहरा. तिच्या गावात लागला, सासरी लागला. तिने कारखाना सोडला. तुमची दोन पत्रं न उघडता परत आली. तुम्ही म्हणालात, "तो प्रसंग चांगला आहे. आजही चांगला आहे. म्हणूनच मला पुढे काम करता आलं नाही." एका मुलाने त्यावर हात वर करून लेन्स कोणती होती ते विचारलं. तुम्ही लेन्सही सांगितलीत.

जर्मनीत येऊन पुन्हा कामाला लागलात तेव्हा पद्धत बदलली होती. ज्याचा प्रसंग त्याला तो आधी दाखवायचा. एकट्याला, त्याच्याच घरी, लॅपटॉपवर. तुम्ही शेजारी बसायचा पण पडद्याकडे बघायचा नाहीत, त्या माणसाच्या हातांकडे बघायचा. तो 'काढा' म्हणाला की काढायचं. कारण विचारायचं नाही. जर्मनीत नोकरी करून इथेच म्हाताऱ्या झालेल्या कोरियन नर्सेसवरच्या तुमच्या सिनेमात अर्ध्या बायकांचे नुसते हात दिसतात, पाठी दिसतात, रिकाम्या खुर्च्या दिसतात. त्यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत. अनुपस्थितीचं सौंदर्यशास्त्र वगैरे. अहो, त्या बायका 'चेहरा नको' म्हणाल्या होत्या! समीक्षक ज्याला तुमची शैली म्हणतात, ते लोकांनी दिलेले नकार आहेत. हे एकानेही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितेय.

मग तुम्ही आपल्या इमारतीवर सिनेमा करायला घेतलात. 'आपली' म्हणतेय, मी तिथे राहत नव्हते तरी. माझी अर्धी संध्याकाळ तिथेच जायची.

पहिल्या दिवशी तुमच्या विद्यार्थ्यांना गोसा करायचा होता. कोरियात शूटिंग सुरू करण्याआधी करतात तो विधी. टेबलावर तांदळाचे केक, दारू आणि मधोमध डुकराचं मुंडकं, आणि सगळ्या युनिटने त्याला वाकून नमस्कार करायचा. हे समजल्यावर सुधाकाकू खाली अंगणात आल्या.

"माझ्या खिडकीखाली डुकराचं मुंडकं? अहो, मी एवढी वर्षं बायर्नमध्ये काढली, साधं लेबरकेझ, यांचं ते डुकराच्या मांसाचं, तोंडाला लावलं नाही!"

तुम्ही मला विचारलंत, तुमच्याकडे काय करतात. मी सांगितलं, नारळ. काकू वर जाऊन नारळ घेऊन आल्या. मुंडक्याच्या जागी शेंडीचा नारळ ठेवला आणि सात कोरियन मुलं, इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर, दोन तुर्की आज्या आणि मी, सगळे त्याच्यापुढे वाकलो. फोडायला दगड सापडेना. शेवटी सायकलच्या स्टँडवर फोडला. हाउसमाइस्टर ओरडला की स्टँड इमारतीच्या मालकीचा आहे. "कुठल्या मालकाच्या?" असं तुम्ही विचारलंत, आणि त्यालाही सांगता आलं नाही.

आता भांडणाकडे येते. ते टाळून हा लेख पुरा होणार नाही.

सुधाकाकूंचा फ्लॅट ज्याने विकत घेतला त्याने आयगनबेडार्फ लावलाय, म्हणजे मालकाला स्वतःला राहायला घर हवंय. काकूंनी त्याला हरकत घेतली आहे. या वयात, या प्रकृतीत घर सोडणं झेपणार नाही, असं म्हणणं कोर्टापुढे मांडता येतं. ते चालू असतानाच मालकाचा एक माणूस काकूंकडे एक कागद घेऊन आला. सही करा आणि आपण होऊन घर सोडा, असा कागद. त्या वेळी तुमचा कॅमेरा स्वयंपाकघरात होता. त्या माणसाने कॅमेरा बघितला, हसला आणि म्हणाला, "राहू द्या की चालू, मी काही बेकायदेशीर करत नाही."

पुढची काही मिनिटं काकूंनी त्याच्यापुढे जे केलं आणि जे बोलल्या, ते मी इथे लिहिणार नाही. हा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवलाय. इथली दोन वाक्यं त्यांनी काढायला लावली. काढली. एवढंच सांगते की त्यांनी सही केली नाही, आणि मी गेली पाच वर्षं जे पत्रकांतून ओरडून सांगतेय ते सगळं त्या काही मिनिटांत होतं.

सातव्या कटमध्ये, म्हणजे सिनेमाच्या सातव्या जुळणीत, तो प्रसंग होता. तुम्ही तो मला दाखवलात, कारण त्या दिवशी चहाचे कप घेऊन मीही कॅमेऱ्याच्या चौकटीत उभी होते. मी म्हटलं, हा प्रसंग उद्याच्या उद्या बाहेर काढा. सुनावणीच्या आधी. वर्तमानपत्रांना द्या, चौकात पडद्यावर लावा, त्या मालकाला शहरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुम्ही म्हणालात, आधी सुधाला दाखवतो.

काकूंनी बघितलं आणि 'नाही' म्हणाल्या. तुम्ही आठवा कट केलात. त्यात तो प्रसंग नाही.

मी जिन्यात तुमच्यावर ओरडले. पूर्ण इमारतीने ऐकलं. तुमचे शब्द मला तसेच्या तसे आठवतात, कारण ते थोडे होते आणि माझे फार होते.

"सेन्सॉरने कापलं तेव्हा तुम्ही भांडलात ना? आता स्वतःच सेन्सॉर झालात!"

"सेन्सॉर लोकांच्या नावाने कापतो, लोकांना न विचारता. मी तिला विचारलं."

"त्यांचं घर जाईल!"

"जाईल कदाचित."

"तुम्ही भित्रे आहात. एकदा हात पोळले म्हणून भित्रे झालात, आणि त्याला तत्त्व म्हणता."

"हो," तुम्ही म्हणालात. "भित्रा आहे. आठवा कट. संपलं."

आणि दार लावून घेतलंत, हळूच, आवाज न करता. त्या न आपटलेल्या दाराचा मला जास्त राग आला.

त्यानंतर पाच आठवडे आपण बोललो नाही. एकदा ट्रामच्या स्टॉपवर तुम्ही पलीकडच्या बाजूला दिसलात, हात वर केलात. मी फोनमध्ये बघत राहिले. फोनवर काहीही नव्हतं. ते आपलं शेवटचं. याच्यावर मला काही सुंदर वाक्य लिहिता येत नाही. मी बघितलं होतं आणि न बघितल्यासारखं केलं, एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

तुमच्या अंत्यविधीला मी मागे उभी राहिले. चार दिवसांनी तुमच्या मुलीचा, मिनाचा, फोन आला.

"मृणाल, डिस्कवर सात आणि आठ असे दोन कट आहेत. महोत्सवाला एक पाठवायचाय. पापाने कुठेच काही लिहून ठेवलेलं नाही."

"एडिटर काय म्हणतो?"

"तो म्हणतो, सातवा जास्त ताकदीचा आहे. मलाही तसंच वाटतं, खरं सांगायचं तर. तू होतीस ना शेवटी त्याच्याबरोबर. त्याचा कोणता?"

मला उत्तर माहीत होतं. तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलं होतंत. मी मिनाला म्हटलं, "बघून सांगते."

दोन दिवस मी 'बघत' होते. म्हणजे काय करत होते, तर सातव्याच्या बाजूने मुद्दे लिहीत होते. चांगले मुद्दे होते. दिग्दर्शक गेला, निर्णय आता जिवंत माणसांचा. सुनावणी तोंडावर आहे. जगभर दाखवला जाईल. आणि काकूंना राग आला तरी घर वाचेल, घर वाचलं की राग जाईल. हा शेवटचा मुद्दा लिहिल्यावर मला तुमची ती कारखान्यातली बाई आठवली. तरी मी तो खोडला नाही. लॅपटॉप घेतला आणि काकूंकडे गेले. विचारायला नाही, पटवायला गेले होते.

काकू जेवणाच्या टेबलावर कोर्टासाठी डॉक्टरांची सर्टिफिकेटं तारखेवार लावत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉप उघडूही दिला नाही.

"मी त्यांना 'नाही' म्हटलं होतं ना?"

"हो, पण आता ते..."

"ते गेले म्हणून माझं 'नाही'ही गेलं का?"

"काकू, घर जाईल हो."

"माझं जाईल. तुझं नाही." मग जरा नरम झाल्या. "अगं, मला कळतं तू कशासाठी करतेस. गेनाऊ, अगदी तेच तो कागदवालाही म्हणाला होता. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, फ्राऊ सुधा."

असं कोणी माझ्या तोंडावर आजवर बोललं नव्हतं, गामदोकनिम. तुम्हीसुद्धा नाही. मी जिन्यात येऊन मिनाला फोन लावला आणि म्हटलं, आठवा. त्याने मला स्वतः सांगितलं होतं. तिने विचारलं, मग परवा का नाही सांगितलंस. मी तेही सांगितलं.

महोत्सवाला पाठवण्याआधी इमारतीतल्या लोकांना दाखवावा, असं मिनाने ठरवलं. रविवारी दुपारी, तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत. दोरीवर एक चादर ताणली. ज्याने त्याने आपापली खुर्ची आणली. हाउसमाइस्टरने मशीनं बंद ठेवली आणि तशी सूचनाही दारावर चिकटवली, शिक्क्यासकट.

त्या प्रसंगाच्या जागी आठव्या कटमध्ये दार आहे. काकूंच्या स्वयंपाकघराचं बंद दार, बाहेरून, पॅसेजमधून. फ्रिजची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, आत एक पुरुषाचा आवाज आणि एक बाईचा. शब्द कळत नाहीत. हे खूप वेळ चालतं. मी दात आवळून बसले होते. मला आत काय आहे ते माहीत होतं, आणि मी या लोकांना दाखवू शकले असते. मागून कोणीतरी हळूच विचारलं, "आत काय चाललंय?"

काकू पुढच्या रांगेत होत्या. मागे न वळता, खणखणीत जर्मनमध्ये म्हणाल्या, "आत मी आहे. काय झालं ते मी जजला सांगणार आहे. मी स्वतः." आणि मग, "आता गप्प बसा, पुढे बघू द्या."

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. वकीलबाई म्हणतात की जज काकूंना समोर बसवून विचारतील, तेव्हा त्यांनी सगळं नीट सांगितलं तर आशा आहे. मी एक निवेदन लिहून दिलं होतं, ते काकूंनी परत केलं. मी मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, अशी अट आहे. मान्य केली आहे.

आता हे वाचून कोणाला वाटेल की मला तुमचं पटलं. नाही पटलं. तुम्ही गेलात म्हणून मी हरणार नाही. त्या दाराच्या जागी तो प्रसंग असता तर आज त्या मालकाला पळता भुई थोडी झाली असती, असं मला अजूनही वाटतं. मी तुम्हाला भित्रे म्हणाले ते मात्र चूक होतं. 'चुकले' असं त्या दिवशी ट्रामच्या स्टॉपवर रस्ता ओलांडून येऊन म्हणायला हवं होतं.

जिंकलो तर काकू जिंकतील, त्यात तुमचं नाव मी घेणार नाही. हरलो तर सगळा दोष तुम्हाला देणार आहे. तिसऱ्या मजल्यावर येऊन, दारात उभी राहून, मोठ्याने देणार आहे. आणि त्यावर तुम्ही 'हो' म्हणायलाही तिथे नसाल, याचा मला आत्तापासूनच राग येतोय.